हौदावरची साय

दिवाकर ठावरीने चहाचं आधण ठेवलं आणि सवयीने ओट्याच्या कोपऱ्याकडे कान लावला. तिथे मातीचं मोठं मडकं होतं. मडक्याच्या गळ्याशी नाण्याएवढी पांढरी चकती चिकटवलेली होती. चकतीतून आवाज येत नव्हता. येणार नाही हे त्याला माहीत होतं, तरी रोज सकाळी कान तिकडे जायचाच.

नऊ नंबर वसाहतीतल्या बाकी प्रत्येक घरात अशी चकती भुणभुणत असे. सकाळी गल्लीतून चाललं की खिडक्यांमधून तो आवाज यायचा, कुणीतरी आत शिलाई मशीन चालवत असल्यासारखा. चकतीला लोक कानोसा म्हणत.

वणीच्या बाजूला कोळशाची खाण होती तेव्हा कंपनीने ही वसाहत बांधली. पुढे कोळशाची गरज संपली, कंपनी गेली, आणि खाणीचा खड्डा पाण्याने भरला. दिसायला पाणी निळंशार. पण त्यात लोह आणि मँगनीज होतं, आणि त्यांच्याबरोबर थोडं आर्सेनिकही. ते पिऊन हातापायांना काळे डाग पडत, पुढे त्याहून वाईट होई. माणसं मात्र इथेच राहिली होती. कुणी तेलंगणातून आलेलं, कुणी बल्लारपूरहून, कुणी जवळच्याच गोंड पाड्यावरचं. घरं इथेच होती, जायचं कुठे?

त्यावर निघालेला उपाय साधा दिसायचा. वसाहतीच्या टोकाला वाळूचा मोठा हौद होता. खाणीचं पाणी सौरपंपाने वर यायचं आणि वाळूतून हळूहळू झिरपायचं. वाळूच्या वरच्या अंगाला एक पातळ, तपकिरी, बुळबुळीत थर धरलेला असे. सगळं काम तो थर करायचा. प्रयोगशाळेतले लोक त्याला जैवपटल म्हणत, वसाहतीतले साय. साय म्हणजे जिवाणूंची वस्ती. जिवाणू पाण्यात एकेकटे फिरत असतात तोवर त्यांच्याकडून फारसं काही होत नाही. ते जवळ आले की पाण्यात रसायनांच्या खुणा सोडतात, त्या खुणांवरून आपण किती जण जमलो हे त्यांना कळतं, आणि गर्दी पुरेशी झाली की ते चिकट घर बांधून एकत्र राहू लागतात. मग कुणी लोह पकडतं, कुणी मँगनीज, आणि पकडलेल्या मँगनीजच्या काळ्या कणांना आर्सेनिक जाऊन चिकटतं. कानोसा त्या खुणा ऐकायचा, हौदावरचाही आणि घरातलाही. जिवाणू थोडे असले की टिक... टिक. वस्ती बसली की टिकटिक दाट होत होत तिची भुणभुण व्हायची.

हौदाबरोबर प्रत्येक घरात तसंच वाळूचं एक मडकंही होतं. हौदातून गाळून आलेलं पाणी पिण्याआधी त्यातून पुन्हा एकदा जायचं.

हे सगळं वसाहतीत आणलं ज्योत्स्नाने, दिवाकरच्या बायकोने. ती कंपनीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शाळा बंद झाली तेव्हा तिने जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेला गाठलं आणि हा प्रयोग मागून घेतला. पहिली साय तिच्याच ओट्यावरच्या मडक्यात धरली. दर आठवड्याला ती नखं कापून, हात धुऊन मडक्यात घालायची आणि तळहाताने साय हलकेच ढवळायची, म्हणजे वाळू तुंबत नसे. ज्या म्हाताऱ्यांना वाकवत नव्हतं त्यांच्याकडे जाऊन त्यांचीही मडकी ढवळून द्यायची.

फाल्गुनात ज्योत्स्ना गेली. खुब्याचा सांधा बदलला होता. वर्षभर ती छान चालली, मग ताप येऊ लागला. धातूच्या सांध्यावर जिवाणूंनी थर धरला होता. औषधं झाली, दुसरं ऑपरेशन झालं, थर निघाला नाही. जैवपटल हा शब्द दिवाकरने तोवर फक्त तिच्या तोंडून कौतुकाने ऐकला होता. आता डॉक्टरांच्या तोंडून ऐकला.

चहा उकळत होता तेवढ्यात फरजानाभाभी दारात आली. ती समोरच्या क्वार्टरमध्ये राहायची.

"भाऊ, हौद गप झाला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! काल संध्याकाळी टिकटिक विरळ झाली होती. आता काहीच नाही. मी कान लावून पाहिला. पाणी बी पिवळं येऊन राहिलं. ज्योत्स्नाभाभीच्या मडक्यातलं विरजण द्या थोडं. मागच्या उन्हाळ्यात हौद बिघडला होता तं तिनं यातलंच नेऊन टाकलं होतं."

दिवाकर मडक्याकडे बघत राहिला. मागच्या खोलीतून त्याची मोठी बहीण बेबीताई पदराला हात पुसत बाहेर आली. ती वरोऱ्याला राहायची. भावजय गेल्यापासून भावाकडे थांबली होती.

"कोणतं विरजण?" तिने विचारलं.

"या मडक्यातली साय," फरजाना म्हणाली.

"ते मडकं तं मी धुतलं बाई." बेबीताईने दोघांकडे पाहिलं. "तेरवीच्या दिवशी. सुतकातलं पाणी घरात ठेवतेत का कोणी? सारे हंडे, कळशा, माठ, सारं रिकामं करून घासलं. यात तं असा बुळबुळा घाण थर होता! ब्लिचिंग टाकलं, उन्हात उपडं घातलं."

"आन् वाळू?"

"अंगणात फेकली."

फरजाना भिंतीला टेकली. "या अल्ला. ताई, ते घाण नव्हतं वो. त्याच्यावर सारी वसाहत पाणी पिते."

बेबीताईने मडक्यात डोकावून पाहिलं. "मले काय माहीत माय! मी तं घर शुद्ध करून राहिली होती. दिवाकर, तू तं होता ना तिथं. मले सांगतलं काऊन नाही?"

दिवाकर तिथे होता, हे खरं होतं. ताई मडकं घासत असताना तो पायरीवर बसून पाहत होता. पांढरं पाणी तपकिरी होऊन नालीत जाताना त्याला बरं वाटलं होतं.

"चहा घे, भाभी," तो म्हणाला.

दुपारपर्यंत प्रयोगशाळेची गाडी आली. पौर्णिमा मेश्राम उतरली. ज्योत्स्नाबरोबर सुरुवातीपासून काम केलेली ही मुलगी आता तिथली जिवाणूतज्ज्ञ होती. हौदाचं झाकण सरकवून तिने वाळूवर भिंग फिरवलं, वास घेतला, पाण्यात पट्टी बुडवली.

"उन्हामुळे खाणीतल्या तळ्याची पातळी खाली गेली," ती म्हणाली. "पंपाने तळाचं पाणी ओढलं. तळाचं पाणी आम्लाचं असतं. साय भाजून निघाली आहे. पंपाचा पाइप मी वर घ्यायला लावते, पण साय नव्याने धरावी लागेल."

"तुमच्याकडे नमुना असंलच ना?" फरजानाने विचारलं.

"आहे. काकूंच्या मडक्यातले सगळे कामाचे जिवाणू आम्ही वेगळे करून गोठवून ठेवले आहेत. सोबत आणलेत."

तिने आणलेल्या बाटल्या हौदाच्या एका कोपऱ्यात ओतल्या, फळ्या लावून तो कोपरा वेगळा केला आणि कानोसा चिकटवला. टिक... टिक... टिकटिक. बायका खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी तो आवाज पुन्हा विरळ झाला. तिसऱ्या दिवशी थांबला. पौर्णिमाने परत प्रयत्न केला. तेच झालं.

"जमतात," ती म्हणाली, "पण बसत नाहीत. पाण्याबरोबर वाहून जातात."

तिचा चेहरा उतरला होता आणि त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. अक्षय तृतीया झाली की जिल्ह्याचं पाणीपथक तपासणीला येणार होतं. गेल्या वर्षीच त्यांनी बजावलं होतं की पाणी एकदा जरी नापास झालं तरी वसाहत रिकामी करायची. पुनर्वसनाची घरं तयार होती, पण ती एका जागी नव्हती. चार घरं भद्रावतीला, सहा वणीला, काही थेट नागपूरच्या बाहेर. तपासणी होईपर्यंत टँकर येणार होता, तोही एकाआड एक दिवस.

दिवाकर हौदाजवळच्या कडुनिंबाखाली बसला होता. पौर्णिमा डबा घेऊन त्याच्याशेजारी येऊन बसली.

"काका, तुम्ही हौदाकडे पाहतसुद्धा नाही."

"कायले पाहू? ज्यानं तिले खाल्लं तेच तं आहे हे."

पौर्णिमाने घास खाली ठेवला. "तेच नाही. पण वागणं तेच, हे खरं."

"मंग?"

"सांध्यावर बसलेले जिवाणू बाहेरून आलेले नव्हते, काका. दवाखान्याने नमुना आमच्याकडे पाठवला होता, आम्ही तपासले होते. ते काकूंच्याच कातडीवरचे होते. प्रत्येकाच्या हातावर असतात. तुमच्या, माझ्या. आयुष्यभर काही करत नाहीत, उलट वाईट जिवाणूंना जागा मिळू देत नाहीत. ऑपरेशनच्या वेळी दोन-चार आत गेले असतील. तिथे त्यांना धातू मिळाला. गुळगुळीत, मोकळा, कुणी राखणारं नाही. त्यांनी घर बांधलं."

"औषधानं मेले काऊन नाही?"

"घराबाहेरचे मेले. आतले चिकट थराखाली होते. तिथे औषध पोचत नाही, आणि पोचलं तरी आतले झोपल्यासारखे असतात. जे खात नाही, वाढत नाही, त्याला औषध मारू शकत नाही."

दिवाकर जमिनीवरचा पाला बोटांनी बाजूला सारत राहिला. मग म्हणाला, "दवाखान्यात तिनं मले विचारलं होतं. कोणते आहेत म्हणे ते, माझेच का? मी म्हणलं, झोप आता."

"त्यांना कळलं असतं तर त्या हसल्या असत्या."

"हसलीच असती. तिचं डोकंच तसं."

"नागपूरच्या दवाखान्याबरोबर आता आम्ही सांध्याशेजारी कानोसा लावून पाहतोय," पौर्णिमा म्हणाली. "म्हणजे गर्दी व्हायच्या आधीच ऐकू येईल. आणि अन्न संपलं की साय स्वतःच एक खूण सोडते, निघा म्हणून. मग सगळे घर सोडून पांगतात, आणि पांगलेल्यांना साधं औषध पुरतं. ती खूण आम्हाला बनवता येते का ते बघतोय. ती खूण आम्ही पहिल्यांदा काकूंच्याच मडक्यात ऐकली."

दिवाकरने तिच्याकडे पाहिलं. "तिले उशीर झाला."

"हो."

त्याने तिच्या डब्यातली मिरची उचलली. "तुझी आई अजून एवढं तिखट करते?"

संध्याकाळी पौर्णिमाने घरोघरची मडकी तपासायला घेतली. सगळ्यांनी मूळ विरजण ज्योत्स्नाकडूनच नेलं होतं, तेव्हा एखाद्या घरात तरी ती साय जशीच्या तशी असेल, असं तिला वाटलं होतं. तशी कुठेच नव्हती. फरजानाच्या घरचं मडकं लोह झकास पकडायचं, मँगनीज सोडून द्यायचं. शेवटच्या क्वार्टरमधल्या कोवेबाईंचं मँगनीज घ्यायचं, पण त्याची भुणभुण मध्येच तुटायची. कुणाच्या घरी मडक्यावर ऊन यायचं, कुणी हापशाचं पाणी घालायचं, कुणाचं मडकं चुलीजवळ असायचं. दर घराची साय आपापल्या घरासारखी झाली होती.

यादम्माचं मडकं सगळ्यांत वाईट निघालं. यादम्मा मूळची मंचेरियलकडची, चाळीस वर्षं वसाहतीत असूनही मराठी तिच्या पद्धतीने बोलायची. तिच्या मडक्यातली साय इतकी जाड की चमच्याला तार सुटायची. ती साय ना लोह पकडायची, ना मँगनीज.

"यादम्मा, हे काय खिमट शिजवलं का वो?" फरजाना म्हणाली.

"हसू नको रे. ज्योत्स्ना टीचर बोलली, राहू दे, फेकू नको. मी फेकला नाही. तेवढाच."

"काकू असं म्हणाल्या?" पौर्णिमाने विचारलं.

"बोलली ना. हर साल माझा पण चमचा घेतली ती."

"कसला चमचा?"

यादम्माला ते नीट सांगता येईना. बेबीताई दाराशी उभी होती. मडकं धुतल्याचं कळल्यापासून ती कुणाशी धड बोलत नव्हती, नळावर जायचं झालं तर दुपारी सामसूम असताना जायची.

"हळदीकुंकवाचा," ती हळूच म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"संक्रांतीले ज्योत्स्ना सर्व्या बायांना बोलवे. मलेबी बोलवे." तिचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि हळदीकुंकवाला तिला दुसरं कुणी बोलावत नव्हतं, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. "तं येताना सर्व्यांनी आपापल्या मडक्यातली चमचाभर साय वाटीत आणायची. ते सारं ती आपल्या मडक्यात टाके. आन् जाताना वाणासंगं तिच्यातली चमचाभर साऱ्यांना देई. मी म्हणलं, काय फॅड आहे बाई मास्तरणीचं! मले वाटे देवाधर्माचं नाही करत तं हे असं करते. पाणी त्याच्यानं साफ होते, हे कुठं माहीत होतं!"

फरजानाने कपाळावर हात मारला. "मीबी द्यायची! दरसाल द्यायची वाटी. मले वाटे ती फक्त पाहून घेते, चांगली आहे का म्हणून."

"तू कुठं होता तवा?" बेबीताईने दिवाकरला विचारलं.

"हळदीकुंकवाले बाप्या माणसाले घरात कोण ठेवते? ती मले चौकात पाठवे पत्ते खेळायले."

तो हे हसून म्हणाला. तीस वर्षं एका घरात राहून त्याला हे ठाऊक नव्हतं. पौर्णिमालाही नव्हतं. मडकं ज्योत्स्नाचं म्हणून सगळे ओळखत होते, ते खरं सगळ्या वसाहतीचं होतं.

पौर्णिमाने यादम्माच्या मडक्यातला चमचाभर चिकटा काचेवर घेतला आणि गाडीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बराच वेळ पाहिलं. मग स्वतःशीच हसली.

"हा जिवाणू आमच्याकडेही होता," ती म्हणाली. "काकूंच्या पहिल्या नमुन्यात. आम्ही काढून टाकला. काही पकडत नाही, काही खात नाही म्हटलं, बिनकामाचा. हा फक्त डिंक बनवतो. वाळूला चिकटतो आणि बाकीच्यांना धरून ठेवतो. हा नव्हता म्हणून आमचे सगळे वाहून गेले."

यादम्माने पदर खोचला. "आता कोण खिमट बोलली?"

हळदीकुंकू चैत्रात, दिवाकरच्या घरी करायचं ठरलं. कुणी ठरवलं ते सांगता येणार नाही. पौर्णिमा म्हणाली होती की सगळ्यांनी हौदावर वाट्या आणल्या तरी चालेल. बायका म्हणाल्या, हौदावर कशाला, भाऊच्या घरी करू, नेहमी जिथे होत असे तिथेच. घरातलं मडकं नव्या वाळूने भरायचं, आधी त्यात साय धरायची, मग ती हौदावर न्यायची.

दिवाकर वाणासाठी काय द्यावं म्हणून कपाट उघडून बसला. खालच्या खणात पिशवी सापडली. पिशवीत चहाच्या नव्या गाळण्या होत्या, घरटी एक पुरेल इतक्या. पुढच्या संक्रांतीसाठी तिने आधीच आणून ठेवल्या होत्या. तो पिशवी मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिला. बेबीताईने हाक मारली तेव्हा उठला आणि लिंबाचं सरबत करायला घेतलं.

दुपारी बायका आल्या. एकेकीच्या हातात झाकलेली वाटी. दिवाकर दारात उभा, बाहेर जावं की आत थांबावं ते कळेना.

"या, या भाऊ, आज तुम्हीच यजमान!" कोवेबाई म्हणाल्या. "सरबतात साखर आहे का नुसतंच लिंबू?"

"पिऊन सांगा."

"कोणी लावायचं हळदीकुंकू?" फरजानाने विचारलं.

करंडा बेबीताईच्या हातात होता. तिने तो फरजानापुढे केला. फरजानाने तो परत तिच्याकडे सरकवला. "तुम्हीच लावा ताई. मले हातावर हळद लावा, ज्योत्स्नाभाभी लावे तशी."

बेबीताईने करंडा उघडला. तिने एकेकीला हळद लावली, कुंकू लावलं. पौर्णिमालाही लावलं. शेवटी यादम्माने करंडा तिच्या हातून घेतला आणि काही न विचारता बेबीताईच्या कपाळाला हळद लावली. बेबीताईने डोळे पुसले आणि "सरबत घ्या, गरम होऊन राहिलं," म्हणाली.

मग वाट्या. पौर्णिमाने क्रम सांगितला. आधी डिंकवाली साय, ती वाळूला धरू द्यायची, मग बाकीच्या. यादम्मा पुढे झाली. सायीची तार मडक्याच्या काठापासून तिच्या वाटीपर्यंत लोंबत राहिली आणि सगळ्या हसल्या. तासाभराने फरजानाची वाटी, मग कोवेबाईंची, मग बाकीच्या. तेवढ्यात मागून कुणीतरी सवयीने ओरडलं, "भाऊ, नाव घ्या, नाव घ्या!"

ओरडणारीने जीभ चावली.

दिवाकरने हातातला पेला खाली ठेवला. "यमक नाही जमत मले," तो म्हणाला. "ज्योत्स्ना."

तेवढंच. बायकांपैकी कुणी डोळ्याला पदर लावला, कुणी मडक्यात डोकावल्यासारखं केलं. मग त्याने गाळण्या वाटल्या. कुठून आणल्या ते कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी कानोशातून नुसती टिकटिक आली. दुसऱ्या दिवशीही तेवढीच. तिसऱ्या दिवशी पौर्णिमा काळजीने आली, तर टिकटिक थांबली नव्हती, आणि थांबली नव्हती एवढ्यावरच ती खूश झाली. वाळू काठाशी तपकिरी दिसू लागली होती. मग एका सकाळी दिवाकरने चहाचं आधण ठेवलं, कान ओट्याकडे गेला, आणि त्याला वाटलं, शेजारी कुणाची तरी शिलाई मशीन चालू आहे. तो थोडा वेळ तसंच समजून उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की आवाज आपल्याच घरात आहे.

मडक्यातली साय हौदावर गेली. हौद मोठा, तिथे वेळ लागला. पंप वर घेतला होता, पाणी हळू सोडलं होतं. वसाहतीतली माणसं येता-जाता हौदाला कान लावून जायची, आजारी माणसाच्या खोलीत डोकवावं तशी. पथक आलं त्या दिवशी भुणभुण अजून पूर्ण दाट झालेली नव्हती. पथकातल्या बाईंनी बाटल्या भरल्या, जागेवरच यंत्रात घातल्या आणि आकडे पुन्हा पाहिले.

"काठावर आहे," त्या म्हणाल्या. "पण पास आहे. पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा येऊ."

"या ना," बेबीताई म्हणाली. "संक्रांतीले या. वाटी घेऊन या."

त्यांना काही कळलं नाही. वसाहत हसली.

पौर्णिमा निघताना दिवाकर गाडीपर्यंत गेला. त्याला काही विचारायचं होतं ते तिला दिसत होतं.

"ते कातडीवरचे जिवाणू," तो म्हणाला. "हातावरचे. ती दर आठवड्याले मडकं ढवळे. हातानं. साऱ्यांच्या घरची ढवळे. तं तिच्या हातावरचे..."

"सायीत उतरले असतील का?"

"हो."

पौर्णिमाने विचार केला. खोटं सांगायची तिची पद्धत नव्हती. "हातावरचे बहुतेक पाण्यात टिकत नाहीत. पण सायीच्या आत जागा मिळाली तर एखाद-दुसरा टिकू शकतो. कुणी शोधलेलं नाही, काका. कानोशाला किती जण आहेत ते कळतं. कोण आहे ते अजून कळत नाही."

"शोधता येईल?"

"येईल. त्यांच्या सांध्यातला नमुना आमच्याकडे आहे. जुळवून बघता येईल." तिने गाडीचं दार उघडलं. "पाहू का? सापडला तर तो तोच असेल, काका. ज्याने त्यांना..."

"समजलं मले."

त्याने गाडीचं दार लावून दिलं. गाडी गेली.

घरी येऊन त्याने नखं कापली. हात धुतले, नुसत्या पाण्याने. बेबीताई भाजी निवडत होती, तिने वर पाहिलं आणि परत मान खाली घातली. दिवाकरने मडक्यावरचं झाकण काढलं. आजवर त्याने त्यात कधी हात घातला नव्हता. पाणी गार होतं. तळहात खाली नेला तसा बोटांना तो मऊ, बुळबुळीत थर लागला, आणि कानोशाची भुणभुण क्षणभर हलली, जणू आतल्यांनी नव्या आलेल्याची नोंद घेतली.

त्याने हात हलकेच गोल फिरवला, ती फिरवायची तसा. या सायीत यादम्मा होती, फरजाना होती, सगळी वसाहत होती. आता थोडा तोही उतरत होता. आणि त्याला जागा करून देणाऱ्यांत तीही असेल का?